एका कवितेचा कवी

नऊ ऑगस्टला, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाला, आमच्या हापिसात लिफ्टशेजारी एक पोस्टर लागलं होतं. चार कोपऱ्यांत वारली चित्रं (तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर, दुसरं काय असणार?) आणि मधोमध एक कविता. कविता चांगली होती. चांगली कसली, जबरदस्तच होती. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज'. खाली कवीचं नाव काय, तर 'एक आदिवासी कवी'.

एचआरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "अरे, फॉरवर्डमध्ये तसंच होतं." कंपनीचा लोगो मात्र पोस्टरवर दोनदा होता.

ज्यांनी ती कविता वाचलेली नाही त्यांच्यासाठी: मंचावर कोण बसतं आणि खाली कोण बसतं, एकाचं दुःख दुसराच कसा माईकवरून सांगतो, हा तिचा विषय आहे. आणि आपण काय केलं? तीच कविता उचलली, कवीला खाली बसवलं आणि मंचावर लोगो लावला! याला विनोद म्हणावं तर हसू येत नाही.

पण मंडळी, एचआरला झोडपणं सोपं आहे. माझं भांडण त्या पोस्टरशी नाहीच. भांडण आहे ते आपल्याशी, म्हणजे दिवाळी अंक विकत घेणाऱ्या, पुस्तक प्रदर्शनात दोन तास उभं राहणाऱ्या, 'आम्ही वाचतो हो' असं म्हणणाऱ्या मराठी माणसाशी. वाहरू सोनवणे हे नाव ज्याला माहीत आहे त्याला त्यांची किती कविता माहीत आहे? एक. हीच. चाळीस-पन्नास वर्षं लिहिण्या-बोलण्यात आणि चळवळीत घालवलेल्या माणसाची आपण एका पोस्टरएवढी घडी घातली आणि खिशात ठेवली. वर्षातून एकदा ती काढायची, वाचून गहिवरायचं, परत ठेवून द्यायची.

तर हे वाहरू सोनवणे कोण? भिल्ल समाजातले, शहादा तालुक्यातले. आज तो भाग नंदुरबार जिल्ह्यात येतो, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता. १९७०च्या आसपास शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर उभे राहिले. सावकाराच्या आणि मोठ्या जमीनदारांच्या घशात गेलेल्या जमिनी परत हव्या होत्या, मजुरी वाढवून हवी होती, शेताच्या राखणदारांची मारहाण थांबायला हवी होती. १९७२मध्ये त्यातून श्रमिक संघटना निघाली. वाहरू सोनवणे या संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते. संघटनेत बाहेरून आलेले, शिकलेले, तळमळीचे तरुण बरेच होते, आणि त्यांच्या कामाबद्दल शंका घ्यायचं मला काही कारण दिसत नाही. पण 'स्टेज' ही कविता सरकारइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, अशा भल्या माणसांना लागू होते. म्हणून ती झोंबते. शत्रूला शिव्या देणारी कविता लिहिणं त्या मानाने सोपं असतं हो. मित्राला 'जरा सरक' असं सांगणारी लिहिणं अवघड.

त्यांचा संग्रह 'गोधड' १९८७चा. नावातच सगळं आलं. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे तुकडे जोडून शिवलेली आणि थंडीत खरोखर ऊब देणारी वस्तू. पुढे १९९०च्या दशकात आदिवासी एकता परिषद उभी करणाऱ्यांत ते होते आणि त्यांच्या बरोबर होते भूमिसेनेचे काळूराम धोदडे. धोदडे आपल्या पालघरचे. आणि इथून मी माझ्या गल्लीत येतो.

माझं प्राथमिक शिक्षण जव्हारला झालं. वडील सरकारी नोकरीत, बदली झाली म्हणून आम्ही तिथे. पाचवीत ठाण्याला आलो आणि तेव्हापासून 'जव्हार' म्हटलं की समोरचा माणूस तीनच गोष्टी बोलतो, हे मी पाठ करून ठेवलं आहे. पहिली: "वा, दाभोसा धबधबा! पावसाळ्यात काय क्राउड असतो!" दुसरी: "कुपोषण ना?" तिसरी: "वारली पेंटिंग! आमच्या हॉलमध्ये एक भिंत केलीय." यात चुकीचं काहीच नाही. दाभोसा आहेच. कुपोषण तर आहेच आहे. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त मुलं गेली, तेव्हा कुठे मुंबईच्या वर्तमानपत्रांना हा तालुका नकाशावर कुठे आहे ते बघावं लागलं. मोखाड्याचं नाव तर दर उन्हाळ्यात टँकरच्या बातमीत येतं. त्याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचं पाणी मुंबईला जातं, ही जोडबातमी मात्र क्वचित येते. असो.

सांगायचं हे की या तीन गोष्टींत जव्हार-मोखाड्याचा माणूस स्वतः कुठेच काही बोलत नाही. धबधबा वाहतो, मूल मरतं, चित्र भिंतीवर लागतं. बोलतं कोण? आपण. एका अख्ख्या मुलुखाची आपण कायम मोजदाद करतो: इतकी बालकं, इतके टँकर, इतके पर्यटक. त्याचं म्हणणं काय आहे ते विचारत नाही.

१९९०मध्ये पालघरला पाचवं आदिवासी साहित्य संमेलन झालं. (पहिलं १९७९चं, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला.) तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो २०१४मध्ये झाला. पालघर, डहाणू, जव्हार, मोखाडा सगळे ठाणे जिल्ह्यातच. संमेलनाचे अध्यक्ष वाहरू सोनवणे. म्हणजे ज्याला मंचावर कोणी बोलावलं नाही असं आपण पोस्टरवर दरवर्षी छापतो, तो माणूस तेव्हाच मंचावर होता, अध्यक्ष होता आणि बोलत होता! आपण नव्हतो ऐकायला, एवढंच. मी जव्हारच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर वाढलो. बारावीपर्यंत मराठी शिकलो. हे नाव एकदाही कानावर पडलं नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना होस्टेलवर एका मित्राने सांगितलं. हा मित्र जव्हारचाच, वारली, आणि आता माझ्यासारखाच कोड लिहून पोट भरतो. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

त्या अध्यक्षीय भाषणाचा गाभा एका साध्या प्रश्नात आहे. लिहिलेलं तेवढंच साहित्य का? ज्या समाजाने लिहिलं नाही, पण पिढ्यान् पिढ्या गायलं, सांगितलं, नाचत नाचत रचलं, त्याच्याकडे साहित्य नाही असं म्हणणारे तुम्ही कोण?

आता गंमत बघा. २०१६मध्ये बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं आणि आमच्या कॅन्टीनमध्ये दोन दिवस चर्चा रंगली. गाणं हे साहित्य आहे का? होमरही गातच होता की नाही? सगळे विद्वान झाले होते. मीही हिरिरीने बोललो. पण हाच प्रश्न पालघरला सव्वीस वर्षं आधी मांडला गेला होता, तोही गिटारच्या नाही तर माणसांच्या बाजूने. ते त्या टेबलावर कुणाला माहीत नव्हतं. मी सांगितलं तर एक जण म्हणाला, "हो, पण त्याला 'फोक' म्हणतात ना?" डिलन अमेरिकेत जन्मला म्हणून साहित्य आणि सूर्यमाळच्या डोंगरावरची बाई गाते ते फोक. च्यायला, बरंय.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचं? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओव्या रचत गेल्या. घरच्यांनी त्यातल्या काही उतरवून घेतल्या म्हणून त्या उरल्या. १९५१मध्ये त्या गेल्या. मग मुलगा सोपानदेव, जो स्वतः नाव असलेला कवी होता, ते हस्तलिखित घेऊन आचार्य अत्र्यांकडे गेला. १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं आणि आख्खा महाराष्ट्र हरखला. योग्यच झालं. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे, आणि वाहरू सोनवण्यांचं शहादा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं! म्हणजे न लिहिणारी बाई कवी असू शकते हे मराठीने सत्तर वर्षांपूर्वीच मान्य केलंय. अट एकच: तिचा मुलगा कवी पाहिजे आणि त्याची अत्र्यांशी ओळख पाहिजे.

जव्हार-मोखाड्यात अशा किती बहिणाबाई होऊन गेल्या असतील? वारली लग्नात धवलेरी असते. लग्न लावणारी बाई. हो, बाईच. (आपल्या सुधारकी शहरात एखाद्या लग्नाला बाई पुरोहित आली तर अजून वर्तमानपत्रात फोटो येतो.) ती रात्र-रात्र गाते, देवांना बोलावते, लग्न पुढे सरकवते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. चित्र सवाशिणी काढतात, पण धवलेरी गायल्याशिवाय ते नुसतंच पीठ. चित्र आणि गाणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत. आपण काय केलं? १९७०च्या दशकात ते चित्र कागदावर आलं. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा थोर कलावंत त्यातून पुढे आला, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे ते मगवर आलं, कुर्त्यावर आलं, विमानतळाच्या भिंतीवर आलं. ते आलं याचा मला आनंदच आहे, त्यातून काही घरांत पैसा गेला. पण गाणं मागेच राहिलं. कारण उघड आहे: चित्राला भाषा लागत नाही. ते बघायचं, 'क्यूट' म्हणायचं, विकत घ्यायचं. गाण्यासाठी थांबावं लागतं, समोरच्याची भाषा शिकावी लागते आणि तो आपल्याबद्दल काय म्हणतोय तेही ऐकावं लागतं. आपल्याला आदिवासी मुका हवा आहे. चित्रातला चालतो, कारण त्याला तोंड काढलेलं नसतं.

इथे हुशार वाचक म्हणतील, अरे पण तू स्वतःच त्यांना 'आदिवासी कवी' म्हणतोयस, मग पोस्टरने काय वेगळं केलं?

या जागी मला लँग्स्टन ह्यूज आठवतो. अमेरिकेतला काळा कवी, १९६७मध्ये गेला. १९२६मध्ये त्याचा पहिला संग्रह आला, त्यात त्याने ब्लूज गाण्यांची चाल आणि हार्लेमच्या रस्त्यावरची बोली थेट कवितेत आणली. त्याच वर्षी त्याने एक लेख लिहिला. एक तरुण काळा कवी त्याला म्हणाला होता की मला नुसता कवी व्हायचंय, काळा कवी नको. ह्यूजला ते अजिबात पटलं नाही. त्याला त्यात स्वतःपासून पळ काढणं दिसलं. म्हणजे लेबल नको असं तो म्हणत नव्हता, लेबल मी अभिमानाने लावणार असं म्हणत होता. पुढे चाळीसेक वर्षं हा माणूस लेखणीवर जगला. कविता, नाटकं, कथा, आत्मचरित्र, वर्तमानपत्रातलं सदर, काय नाही लिहिलं? आणि आज त्याचं काय होतं? दर फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, त्याच्या दोन-तीन ठरलेल्या कविता शाळेच्या भिंतीवर लागतात. त्यांचा फेब्रुवारी, आपला नऊ ऑगस्ट.

तर फरक इथे आहे. वाहरू सोनवणे स्वतःला आदिवासी म्हणतात ते ताठ मानेने. त्या शब्दासाठी त्यांनी संघटना उभी केली. पोस्टर 'एक आदिवासी कवी' म्हणतं तेव्हा तो शब्द नावाच्या जागी येतो. स्वतःच्या दारावर पाटी लावणं वेगळं आणि दुसऱ्याने आपल्या पाठीवर चिठ्ठी चिकटवणं वेगळं. हे ज्याला कळत नाही त्याने आपल्या अप्रेझलमध्ये नावाऐवजी 'एक मराठी रिसोर्स' असं लिहिलेलं चालेल का ते सांगावं.

दुसरा आक्षेप नेहमीचा: ही कार्यकर्त्याची कविता, म्हणजे प्रचार. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'मध्ये (१९४२) स्वातंत्र्यासाठी पेटलेल्या कविता आहेत, त्यांना कोणी प्रचार म्हणत नाही. त्या ज्ञानपीठापर्यंतच्या वाटेवरचं पहिलं दमदार पाऊल म्हणून आपण शिकतो. म्हणजे इंग्रजाविरुद्ध लिहिलं तर काव्य आणि शहाद्याच्या जमीनदाराविरुद्ध लिहिलं तर पत्रक. इंग्रज निघून गेला ना, म्हणून तो सोयीचा पडतो.

भाषेचा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. कोरियन मालिका सबटायटल वाचत सोळा-सोळा भाग बघणाऱ्या लोकांनी भिलोरी किंवा वारली 'समजत नाही' म्हणू नये. वारली तर मराठीच्या इतक्या जवळची की आमच्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत बोलायची ते मला दोन महिन्यांत यायला लागलं होतं. वर्गात मात्र तीच मुलं गप्प. घरचा शब्द तोंडातून निघाला की 'शुद्ध बोल' अशी छडी. एक मुलगा होता, त्याला लांबलचक गाणी तोंडपाठ. होळीच्या सुमाराला तो आम्हाला बोहाड्यातल्या सोंगांची नक्कल करून दाखवायचा, प्रत्येक सोंगाच्या चालीसकट. मराठीच्या पेपरात तो दोनदा नापास झाला आणि तिसरीनंतर दिसला नाही. त्याला कविता येत नव्हती असं मला कोणी पटवून दाखवावं.

आणि मग सगळ्यात वजनदार आक्षेप, जो चांगली माणसं घेतात. जिथे पोरं उपाशी मरतात तिथे कवितेचं काय घेऊन बसलास? आधी अन्न द्या, पाणी द्या, रस्ता द्या.

द्या ना! कोण अडवतंय? पण या वाक्यातला 'द्या' बघा. देणारे आपण, घेणारे ते. ज्याच्याकडे फक्त भूक आहे असं आपण धरून चालतो, त्याला योजनेची बैठक असेल तेव्हा मत विचारत नाही. भुकेल्याला काय मत असणार? वावर-वांगणीनंतर समित्या आल्या, योजना आल्या, गाड्या आल्या. त्या सगळ्या मंचांवर कोण बसलं होतं? वाहरू सोनवणे हे मजुरी आणि जमीन यांच्या लढ्यातून आले. त्यांच्यासाठी भाकरी आधी आणि कविता नंतर अशी रांग नव्हतीच. जो माणूस स्वतःचं दुःख स्वतःच्या तोंडाने सांगू शकतो त्याचीच मजुरी वाढते, हे शहाद्याच्या शेतमजुरांनी करून दाखवलं होतं. कविता ही पोट भरल्यावरची बडीशेप आहे ही समजूत ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांची. धवलेरी दुष्काळातल्या लग्नातही गातच होती.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. 'स्टेज' पोस्टरवर लावायची असेल तर कवीचं नाव त्याच टायपात, तितकंच मोठं लावा. त्या कवितेनंतर त्याच कवीची दुसरी वाचा, मग तिसरी. आवडली नाही तर तसं म्हणा, हक्काने म्हणा. आवडली नाही असं म्हणणं हा कवीला दिलेला मान असतो, गहिवरणं ही नुसती सुटका. भुजंग मेश्राम यांचं 'उलगुलान' शोधा. २००७मध्ये गेला तो माणूस, आणि मराठी कवितेच्या गप्पांत त्याचं नाव किती वेळा निघतं ते मोजा. मराठीच्या प्राध्यापकांनी हा विभाग 'ऐच्छिक' खोलीतून बाहेर काढावा. आणि दाभोश्याला जाणाऱ्या माझ्या मित्रांनो, तुमच्या वीकांताच्या दोन दिवसांतला एक तास कुणाचं तरी ऐकण्यात घालवा. ड्रोन नंतर उडवा.

माझा तो होस्टेलचा मित्र गेल्या मे महिन्यात घरी गेला होता. त्याची आत्या धवलेरी आहे. सत्तरीच्या पुढची. तो म्हणाला, आता तरी रेकॉर्ड करून ठेवू, नंतर कोण गाणार? फोन समोर ठेवला. ती साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं गायली, मग थांबली, चहा मागितला. तो म्हणाला, पुढचं? ती म्हणाली पुढचं आता नाही, पुढच्यासाठी मांडव लागतो, नवरी लागते. तुझं लग्न काढ, मग सगळं म्हणते.

मित्राची आई सध्या जोरात स्थळं बघतेय.